पाच खाचा

दीपेशभाई येणार म्हणून वसुमतीने आदल्या दिवशी सगळी नाणी चिंच-मिठाने घासून लख्ख केली, आणि करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

तिच्या मते तिचं काहीच चुकलं नव्हतं. तलासरीहून माहेरी आली की देवघरातली तांब्याची भांडी घासायची, हा तिचा चाळीस वर्षांचा रिवाज. उंबरगावहून माणूस नाणी पारखायला येतोय, तर त्याच्यापुढे काळीमिचकूट नाणी कशी ठेवायची? मुलगी दाखवतानासुद्धा तोंड धुऊन दाखवतात. आईच्या तांब्यातली सत्तावीसच्या सत्तावीस नाणी तिने परातीत ओतली, चिंचेचा कोळ घातला, मीठ घातलं, वर चुलीतली राख भुरभुरवली आणि दोन तास बसून घासली. सकाळी ओटीवर पांढऱ्या पंचावर मांडली तेव्हा ती अशी चमकत होती, की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दीपेशभाईने ती पाहिली आणि पाण्याचा तांब्या तोंडाशी न नेताच खाली ठेवला.

"बेन, आ शुं कर्युं तमे?"

"घासली. का? स्वच्छ नाहीत?"

"स्वच्छ आहेत. तेच तर रडणं आहे." तो खुर्चीत टेकला. "तांब्याला वर्षानुवर्षांनी जो रंग चढतो ना, कथ्थ्यासारखा, कधी काळपट, कधी हिरवट, तो बघायला मी आलो होतो. तो एकदा गेला की गेला. आता पुन्हा शंभर वर्षं थांबा."

"थांबू की," वसुमती म्हणाली. "आई एक्क्याण्णव वर्षं थांबली. आमच्यात दम असतो."

रुचिता खुदकन हसली आणि सासऱ्यांकडे बघून गप्प झाली. एकनाथराव हसले नव्हते. ते वसुमतीचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. त्र्याहत्तराव्या वर्षीही ते ओटीवरच्या झोपाळ्यावर असे बसत, की समोर वर्ग भरलाय असं वाटावं. दीपेशभाईला बोलावण्याची कल्पना त्यांच्या या सुनेची. ती डहाणूच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि कुठल्याही गोष्टीत 'का' विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही.

नाणी पारखायचं कारण साधं होतं. दोघा भावंडांच्या आई आनंदीबाई फाल्गुनात गेल्या. जायच्या आधी महिनाभर त्या एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होत्या: "तांब्यातले पैसे या घरात ज्यांची नाळ पडली त्यांचे." बाकी काही मागणं नाही, सांगणं नाही. घरात नाळ पडलेले आता दोघेच उरले होते, एकनाथ आणि वसुमती. तेव्हा आधी प्रत्येक नाण्याची प्रत ठरवायची आणि मग सारखे दोन वाटे करायचे, असं एकनाथरावांनी जाहीर केलं होतं.

"आणि रतनकाका?" रुचिताने विचारलं होतं. "आजीचं दोन वर्षं सगळं त्यांनी केलं. तुमच्यापैकी कोण होतं?"

"आईचा शब्द आहे. मी काय करू?"

तो रतन आता पायरीवर बसला होता. डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला, पासष्टीचा माणूस. उंबरगावच्या दीपेशची आणि त्याची ओळख तिथलीच. आजही स्टेशनवरून दीपेशला स्कूटरवर बसवून आणलं ते यानेच. बारा दिवसांचा असताना रतनला उधव्याहून या घरात आणलं होतं. आई बाळंतपणात गेली, बापाने पोर टाकलं, आनंदीबाईंना दया आली, एवढीच त्याची कहाणी. सगळा गाव त्याला उधव्याचा रतन म्हणायचा. तो आनंदीबाईंना काकी म्हणायचा. नोकरीत असताना रजा काढून तो तीनदा उधव्याला गेला होता, एकदा पुढे वेवजीपर्यंत. अशी अशी बाई, अमुक साली बाळंतपणात गेली, कुणाच्या घरातली? कुणालाच काही सांगता आलं नाही. नाण्यांचं त्याला काही नव्हतं. पण काकीचं ते वाक्य त्याला लागलं होतं. दोन वर्षं जिची अंथरुणं बदलली, तिने जाताजाता आपल्याला एवढ्या नेमकेपणाने बाहेर काढावं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

"बरं, आता जे आहे ते बघू," दीपेशभाई म्हणाला. त्याने खिशातून भिंग काढलं आणि पहिलं नाणं कडेने उचललं.

दीपेशभाईचा राग नाणं हातात आलं की टिकत नसे. रुचिता चिकटून बसल्यावर तर तो खुलला.

"मॅडम, सांगा बघू, नाण्यात पहिलं काय बघायचं?"

"साल?"

"साल तर पोरंही बघतात. आधी उंचवटा बघायचा. नाणं झिजतं ते आधी उंचावर. ही व्हिक्टोरिया राणी. हिचा गाल बघा, एकदम सपाट. पण केस? बटा दिसतात ना? मुकुटाची नक्षी दिसते? म्हणजे बरंच फिरलंय, पण फार नाही. आपण याला व्हीएफ म्हणतो, व्हेरी फाइन. बटाही गेल्या असत्या तर नुसतं फाइन. गालही शाबूत असता तर एक्सएफ, त्याच्याही वरचं."

"म्हणजे हे व्हीएफ."

"होतं. काल सकाळपर्यंत." त्याने वसुमतीकडे बघितलं. "आता व्हीएफ, पण घासलेलं. भाव निम्म्याच्याही खाली."

"तुमचा तो भाव घाला चुलीत," वसुमती म्हणाली. पण तीही आता सरकून जवळ आली होती. तिला राणीच्या बटा बघायच्या होत्या.

असं एकेक नाणं बघून झालं. कंपनी सरकारचा पाव आणा. बडोद्याचा पैसा, त्यावर घोड्याचा खूर आणि तलवार. भोकाचे चार पैसे. ते लहानपणी करगोट्यात ओवायचो, असं एकनाथरावांनी सांगितलं आणि झोपाळ्यावरून उठून तेही पंचाजवळ आले. अर्धा तास कोणाला वाटणीची आठवण झाली नाही.

मग शिवराया आल्या. जाड, ओबडधोबड, चेपलेल्या.

"हिच्यावर 'छत्र' वाचता येतं, 'पति' नाहीच," रुचिता म्हणाली. "म्हणजे झिजलेली?"

"इथेच सगळे फसतात. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. 'पति' नाण्यावर पडलंच नाही कधी. जन्मालाच तसं आलं. त्याला झीज म्हणायचं नाही. झिजलेलं अक्षर पुसट होतं, त्याची कड गोल होते. हे बघा, जेवढं आहे तेवढं कसं कडक आहे." त्याने पुढची शिवराई उचलली, उजेडात तिरकी केली आणि थांबला. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "आ शुं छे?"

"काय झालं?"

"कट आहेत. पाच."

रुचिताने भिंग घेतलं. नाण्याच्या एका बाजूवर, अक्षरांच्या आडवं, कुणीतरी धारदार काहीतरी दाबल्यासारख्या पाच बारीक खाचा होत्या. दुसरी बाजू अगदी कोरी.

"बेनच्या घासण्याने झालं का?"

"नाही. बेनच्या चिंचेने वरचा रंग गेला, पण खाचेत चिंच पोचली नाही. आत बघा, काळा रंग तसाच. या जुन्या आहेत, पन्नास-साठ वर्षांच्या तरी." तो कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. "चांदीला कट मारतात, आत शिसं आहे का बघायला. सराफ मारायचे. पण तांब्याला कोण मारतो? तांब्यात खोट घालून काय मिळणार? आणि गंमत बघा. चार कट सरळ, एकसारखे, एका हाताचे. हा पाचवा वाकडा आणि खोल. हा हात दुसरा."

"प्रत काय लावायची?" एकनाथरावांनी विचारलं.

"खराब. कट म्हणजे डॅमेज. हिला बाजार नाही."

"मग ती बाजूला ठेवा. वाटणीत नको."

"बाजूला काय? आधी उजेडात फोटो काढते," म्हणत रुचिता नाणं घेऊन अंगणात उतरली.

अंगणात आंब्याखाली म्हातारी भिकी बसली होती. तिची नात वाडीत चिकू निवडायला रानशेतहून यायची, तिच्याबरोबर ही यायची आणि दिवसभर सावलीला बसायची. ऐंशीच्या घरातली, पण नजर शाबूत. रुचिता नाणं हातावर ठेवून मोबाइल वरखाली करत होती, ते तिने बघितलं.

"नाळंचा पैसा कशाला काढलाव बाहेर?" ती म्हणाली.

रुचिताचा हात थांबला. "कसला पैसा?"

"नाळंचा. पोर झाला की त्याची नाळ या पैशावर ठेवायची न् कापायची. तुमचे घरचा हाय तो. दुसरे घरी नाय न्यायचा. माझी आयस यायची ना, जिजा, तुमची सुईण. मी तिचे संगत यायची."

रुचिता धावतच ओटीवर आली आणि पाठोपाठ भिकीला हात धरून घेऊन आली. सांगताना तिचा आवाज चढला होता. दीपेशभाईने मांडीवर थाप मारली. तीस वर्षांत असलं नाणं त्याच्या हाती आलं नव्हतं.

वसुमती बोटं मोजू लागली होती. "आईची बाळंतपणं पाचच. दादा. मग मी. मग ती मुलगी झाली, सहा दिवसांची गेली. मग मुलगा, तो महिनाभर जगला. आणि शेवटचा तो मेलेलाच जन्मला. पाच." तिचे डोळे भरून आले. "बघा, पैशावर सगळे आहेत. आईने सगळ्यांना ठेवलं होतं."

रतनने पायरीवरून हे ऐकलं. मघाशी भिकी बोलली तेव्हा त्याच्या मनात एक वेडी आशा आली होती. का आली ते त्यालाच कळलं नव्हतं. पाचाला पाच जुळले तशी ती गेली. त्याला स्वतःची लाज वाटली.

"जमलं मग," तो उठत म्हणाला. "दीपेश, तुझी तीनची गाडी आहे ना?"

"काय जमला?" भिकी म्हणाली. "मेलेले पोराची नाळ पैशावर नाय कापत. पैसा बाटतो. ती लाकडावर कापायची."

वसुमतीची पाच बोटं तशीच उघडी राहिली.

"मग चारच हव्यात," रुचिता हळूच म्हणाली. "पाचवी कुणाची?"

"पाचवी माझी," भिकी म्हणाली. "वाकडी हाय ती. मी पंधरा वर्साची व्हती. आयस बोलली, आज तू काप. मना घाम फुटला, हात कापाय लागला, वाकडा पडला." ती बोळक्या तोंडाने हसली, आणि मग हसणं थांबवून एकनाथरावांकडे बघितलं. "पोर मेलेला नव्हता. मोठ्यांदा रडत व्हता."

"भिकीबाय," एकनाथराव म्हणाले, "ऊन लागलंय तुला."

"सावलीत व्हती मी. आयशीने सांगितलेला, आनंदीबाय जिती हाय तवर बोलायचा नाय. आता बाय गेली. कोणाला भिऊ?" ती रतनकडे वळली. "आधीची दोन पोरा गेलती. तिसरा देवाचे नजरेस पडाय नको, म्हणून बायने गावात सांगितला, मेला. न् सुपात घालून माझे आयशीला दिला. आयशीने मूठभर नागली दिली, म्हणजे पोर तिचा झाला. बारा दिस आमचे घरी व्हता, शेळीचे दुधावर. मंग बायने मूठभर तांदूळ देऊन परत घेतला. उधव्याचा सांगितला. उधवा लांब, कोण विचाराय जातो?"

रतन कठड्याला धरून उभा होता. त्याला सगळे शब्द ऐकू येत होते आणि एकही आत जात नव्हता. दीपेशभाईने ते नाणं रुचिताच्या हातातून घेतलं, रतनच्या तळहातावर ठेवलं आणि नकळत त्याची बोटं मिटवली. नाण्याच्या तोंडावर हात लावू नका, असं सकाळपासून सगळ्यांना ओरडणारा माणूस तो.

"पण असं बारा-पंधरा दिवस करतात," वसुमती म्हणाली. "विकतात, परत घेतात, नाव दगडू ठेवतात आणि संपतं. आयुष्यभर कोण करतं?"

"तो जगला ना," भिकी म्हणाली. "जगला म्हणून बाय भ्याली. आता बोलली तं जाईल."

वसुमतीला हे पटलं. आई अशीच होती. वाडीत एका झाडाला चांगला बहर आला, तर त्याच्याकडे बोट करून दाखवू द्यायची नाही. आणि मग तिच्या डोक्यात एकदम दुसरंच काहीतरी आलं.

"दादा, शेवटचा महिना ती तेच तेच सांगत होती. नाळ पडली त्यांचे. अरे, आपल्या दोघांनाच द्यायचे असते तर 'तुम्हा दोघांचे' म्हणाली असती की! नाळ कशाला काढली असती? तिला हा हवा होता त्यात. तोंडाने नाव घेववत नव्हतं, म्हणून तसं म्हणाली." एकनाथराव पंचावरची नाणी सरळ करत होते. सगळी सरळ झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वसुमती हे बघत राहिली. भावाला ती सत्तर वर्षं ओळखत होती. "दादा, मी पाच वर्षांची होते. तू आठ वर्षांचा होतास."

"हो."

"तुला माहीत होतं."

एकनाथरावांनी एक नाणं उचललं आणि ठेवलं. भाताच्या कोठीमागे लपलेलं ते आठ वर्षांचं पोर त्यांना स्पष्ट दिसत होतं. बाळाचं रडणं ऐकून ते आनंदाने बाहेर धावलं होतं, आणि वडिलांनी, बापूंनी, त्याचा कान असा पिळला होता, की रक्त आलं. कुणाला बोललास तर हाही जाईल, तुझ्यामुळे जाईल. नंतर कित्येक वर्षं रतनला नुसती सर्दी झाली तरी त्या पोराला झोप यायची नाही.

"रडणं ऐकलं होतं," ते म्हणाले. "बापूंनी शपथ घातली होती."

"अरे, पण बापू जाऊन तीस वर्षं झाली!" वसुमती ओरडली. आतापर्यंत वाटणीत ती भावाच्या बाजूने होती. आता ती उठून रतनच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आणि वर शब्द पाळतोस आईचा! वाटे घालतोस! शरम नाही वाटली?"

"आत्या, थांबा," रुचिता म्हणाली. तिलाही सासऱ्यांचा राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना तिने वर्गात, सभेत, मयताला, सगळीकडे ताठ बघितलं होतं.

रतन पहिल्यांदा बोलला. आवाज अगदी साधा होता, पार्सलची पावती विचारावी तसा.

"दादा, आठ वर्षांचा होतास तेव्हा भ्यायलास, ते समजलं मला. पण मी उधव्याला जायचो. तीन वेळा गेलो. येऊन तुलाच सांगायचो, काही कळलं नाही म्हणून. तू चहा द्यायचास. तेव्हा कशाला भ्यायलास?"

एकनाथरावांनी उत्तर शोधलं. जन्मभर दुसऱ्यांना उत्तरं सांगितली होती. आता खोटं एकही सुचत नव्हतं, आणि एका परीने त्यांना हलकं वाटत होतं.

"आधी भीती होती. मग सवय झाली. तू उधव्याचाच, असं मलाही वाटायला लागलं. आणि मग बापूंनी वाडी माझ्या एकट्याच्या नावावर केली. त्यानंतर…" ते थांबले. "त्यानंतर मी वाडीसाठी गप्प बसलो, रतन. दुसरं काही नाही. तुझी अर्धी आहे. उद्या तलाठ्याकडे जाऊ."

"वाडीचं बघू," रतन म्हणाला. खरंच त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खाली बसला, एकेक गुडघा दुमडत, थकलेल्या माणसासारखा. वसुमती त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. लहानपणी फिरवायची तसाच, फक्त तेव्हा ती त्याला उधव्या म्हणून चिडवायचीही.

"निदान जाताना तरी तिने तुला सांगायचं होतं," ती रडत म्हणाली. "दोन वर्षं तूच होतास ना तिच्या उशाशी. एकदा तरी बोलायचं."

रतनने मान हलवली. मग हलवायची थांबवली. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, ते रुचिताने पाहिलं.

"बोलली होती," तो म्हणाला. "जायच्या आदल्या दिवशी. दुपारी मी पेज भरवत होतो. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, 'आई म्हण.' मला वाटलं भ्रम झालाय, स्वतःची आई शोधतेय. पुन्हा म्हणाली, 'एकदा आई म्हण रे.' मी म्हटलं, 'काकी, तुमची आई नाहीये इथे. मी रतन आहे.'"

"मग?" वसुमतीने विचारलं.

"'हो रे, रतनच आहेस तू,' म्हणाली. आणि हात सोडला."